टोपी डोक्यावर, जात डोक्यात

दरवर्षी १ जानेवारी जवळ आली की आम्हाला दोन वाक्ये ऐकावी लागतात. विरोधक म्हणतात, 'तुमच्या पूर्वजांनी इंग्रजांची टोपी घातली.' आमच्यातलेच काही भाबडे मित्र म्हणतात, 'इंग्रजांच्या फौजेने जात मोडली.' पहिल्या वाक्यात द्वेष आहे, दुसऱ्यात अज्ञान. दोघांनाही उत्तर त्या फौजेच्या डोक्यावरच सापडते.

इंग्रजांच्या स्वतःच्या सैन्यात टोपीवरून पलटण ओळखली जाई. वॉटर्लूच्या १८१५ च्या विजयानंतर ग्रेनेडियर गार्ड्सना अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी मिळाली. १९२४ मध्ये रणगाडा दलाला काळी बेरे टोपी मिळाली. हिंदुस्थानात मात्र डोक्यावरून जमात ओळखू येऊ लागली. हे कसे घडले?

मद्रास फौजेचा सेनापती सर जॉन क्रॅडॉक याच्या काळात शिपायांवर हॅटसारखी दिसणारी, चामड्याचा तुरा लावलेली नवी पगडी लादली गेली. सोबत कपाळावरचे गंध, कानातली बाळी आणि दाढी यांवर बंदी. हा बाटवण्याचा डाव आहे असे शिपायांना वाटले आणि १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात बंड झाले. सरकारने ते निर्दयपणे चिरडले, पण पगडीचा हुकूमही मागे घेतला. क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक दोघांनाही परत बोलावले.

न विचारता लादलेल्या पोशाखाचा संताप आम्ही समजू शकतो. कोणी काय नेसावे हे दुसऱ्याने ठरवण्याचा जाच आमच्याइतका कोणी सोसला? प्रश्न आहे राज्यकर्ते यातून काय शिकले याचा. ते शिकले की जातीला हात लावायचा नाही. १८५७ नंतर त्याच्याही पुढे गेले: जात वापरायची. एकाच पलटणीत शीख, डोग्रा आणि पंजाबी मुसलमान यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, आणि प्रत्येकीची पगडी बांधण्याची तऱ्हा वेगळी राहिली. जे 'लढाऊ जमाती' ठरले, त्यांच्या पगडीला मान. जे ठरले नाहीत, त्यांना फौजेचे दारच बंद.

कोरेगावच्या स्तंभावर २२ महार शिपायांची नावे कोरली आहेत. तरी १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांना आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांना त्यासाठी अर्ज करावे लागले. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' पलटण उभी केली. गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. याला जात मोडणे म्हणायचे?

म्हणून आम्हाला इंग्रजांच्या टोपीची लाज नाही आणि तिचे ऋणही नाही. आमच्या पूर्वजांनी ती पराक्रमाने मिळवली, आणि देणाऱ्याने सोयीनुसार काढून घेतली. दुसऱ्याने दिलेला मान असाच असतो. बाबासाहेबांनी आम्हाला हक्क दिला, तो कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

मित्रांनो, १ जानेवारीला डोक्यावर निळा फेटा जरूर बांधा. पण डोक्यात हा इतिहासही असू द्या.

जय भीम!