मासे सोडू नका, पिल्ले सोडा



‘समुद्र वाचवायचा तर मासे खाणे सोडा’ हे गेल्या अंकातील पत्र तळमळीचे आहे, पण उपाय पटला नाही. किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांची चूल मासळीवरच पेटते. खरा प्रश्न कोणता मासा, केव्हा खावा हा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी ५४ प्रजातींचे मासे पकडण्यासाठी किमान कायदेशीर लांबी ठरवली. तरीही बाजारात पापलेटची पिल्ले विकली जातात, कारण आपण ती घेतो. एकदाही अंडी न घातलेला मासा संपला, तर पुढचा हंगाम कुठून येणार? जून-जुलै हा अनेक माशांचा प्रजननकाळ. तेव्हा सुकट, सुके बोंबील आहेतच. ग्राहकांनो, पिल्ले ठामपणे नाकारा.

— एक वाचक, अलिबाग