जुनें इंजिन भंगारांत घालूं नका

मृग बरसला कीं विहिरीवरच्या इंजिनाला सुट्टी मिळते. ही सुट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या घरची खरी शाळा. बाप इंजिन उघडतो, पिस्टनच्या रिंगांवरची काजळी खरवडतो, पोरें सुटे भाग डिझेलांत धुतात. नेमका याच वेळीं भंगारवाला दारांत येतो व किलोच्या भावानें यंत्र मागतो. घरचा शिकलेला मुलगा म्हणतो, “दादा, देऊन टाका, लोक हंसतात.” आमचें म्हणणें, देऊं नका.

हंसणाऱ्यांना थोडा इतिहास ऐकवावा. 1903 सालीं किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते म्हणून आमचेच वाडवडील त्याला हात लावीनात. पुढें तोच घरोघर गेला. मग तेलाचीं इंजिनें आलीं. इंग्लंडांतील लिस्टर कंपनीच्या 1930 च्या सुमाराच्या मंदगती इंजिनाबरहुकूम राजकोटास इंजिनें होऊं लागलीं. 1946 सालीं पुण्यास खडकीला किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना निघाला. हीं यंत्रें बिघडलीं तेव्हां दुरुस्त कोणीं केलीं? गांवोगांवच्या लोहार-सुतारांच्या पोरांनीं. कोल्हापूरचें उद्यमनगर अशाच हातांनीं उभें राहिलें. ज्या विद्येनें हात काळे होतात ती हलकी, हें आम्हांला कोणीं शिकविलें, याचा बंधूंनो, एकदां विचार करा.

आम्ही नव्याचे वैरी नाहीं. डिझेल महाग, रोज इंजिन चालविणें परवडत नाहीं. सरकारी योजनेंतील सौर पंपास शेतकऱ्यानें 10 टक्के, अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें 5 टक्के रक्कम भरावयाची असते. मिळेल त्यानें जरूर घ्यावा. पण चार दिवस आभाळ भरलें, किंवा गांवचा ट्रान्सफॉर्मर जळाला, म्हणजे कोपऱ्यांतलें हेंच धूड हँडल मारतांच धडधडूं लागतें आणि उभें पीक वांचवितें. त्याची नाडी घरच्या माणसाला कळते. नव्या ट्रॅक्टरांतल्या विजेच्या पेटीची नाडी मात्र कंपनीच्या माणसालाच कळते, व तो आपल्या सवडीनें येतो. तोंवर पेरणीचा वाफसा थांबत नाहीं. जुलै 2022 मध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली. तींत शेतीचीं अवजारेंही धरलीं आहेत. चांगलें झालें. परंतु ज्या घरांतला हात पान्यावरून उठला, त्या घराला तो हक्क मिळून काय करावयाचें? म्हणून मुलाबरोबर मुलीच्याही हातीं पाना द्या. चूल पेटवितां येणारीला इंजिन कां येऊं नये?

आतां माशांविषयीं. इंजिन पुसून झांकलें कीं सारें घर ओढ्याला जातें. नवें गढूळ पाणी खालून वर चढणाऱ्या माशांना बोलावतें. आजी कोठें पाय ठेवावा तें सांगते, सून उजेड धरते, पोरें गळ आणि जाळें घेऊन चिखलांत. शहाणे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे! वर्षभर राबणाऱ्या घराची एवढीच काय ती सहल, आणि रात्रीं कालवण होतें तें वेगळेंच.

मात्र हे चढणीचे मासे अंड्यांनीं भरलेले असतात. समुद्रावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना बंदी असते ती याच कारणानें. ओढ्यावर पहारा कोण ठेवणार? एका कालवणापुरते घ्यावे, बाकीचे वर जाऊं द्यावे, ही जुनी रीत सोडून आतां कोणी बारीक जाळें आडवें लावतो, कोणी ब्लीचिंग टाकतो, कोणी जिलेटिन उडवितो. वरून कारखान्यांचें घाण पाणी आहेच. मार्च 2023 मध्यें सांगलीजवळ कृष्णेंत मेलेल्या माशांचा खच पडला होता. कारखान्याशीं झगडा लांबचा, तोही केला पाहिजे. पण आपल्या ओढ्यापुरतें तर आपल्या हातांत आहे. मृगापूर्वींच्या ग्रामसभेंत ब्लीचिंग, जिलेटिन व आडवें जाळें बंद करण्याचा ठराव आणावा, आणि तो मांडावयास गांवच्या भोयांना पुढें बसवावें. नदीवर ज्यांचें पोट, त्यांना पाणी आपल्याहून अधिक कळतें.