लीजची गाडी आणि नवे वतन

आंबेडकरी तरुणाच्या दारात महागडी गाडी उभी राहिली की दोन आवाज येतात. बाहेरचा म्हणतो, "बघा, यांना आता आरक्षण कशाला?" घरातला म्हणतो, "साहेब झाला, समाजाला विसरला." मी चार वर्षे कंपनीच्या लीजवर एक जर्मन सेडान वापरली आणि मुदत संपल्यावर परत केली. या काळात दोन्ही आवाज पुष्कळ ऐकले. दोघांनाही उत्तर दिले पाहिजे, कारण दोघेही गाडी बघतात, हिशोब बघत नाहीत.

तर आधी हिशोब. लीजची गाडी लीजिंग कंपनीच्या मालकीची असते. ती आपल्या कंपनीला भाड्याने मिळते आणि कंपनी आपल्याला वापरायला देते. भाडे आपल्याच पगारातून, कर लागण्याआधी कापले जाते. माझे भाडे विमा आणि सर्व्हिसिंग धरून महिन्याला ६८,००० रुपये होते. ४८ महिन्यांचे झाले ३२,६४,००० रुपये. एवढे भरूनही आरसी बुकावर माझे नाव एक दिवसही नव्हते. शेवटी गाडी ठेवायची तर उरलेली किंमत वेगळी मोजा, नाहीतर चावी द्या आणि घरी जा.

मग लोक लीज घेतात कशासाठी? करासाठी. माझ्या लीजच्या काळात १९६२ च्या आयकर नियमावलीतला नियम ३ सांगत होता की कंपनीने दिलेल्या गाडीचा लाभ किती रुपयांचा धरायचा. गाडी ऑफिस आणि घर दोन्हीसाठी वापरात असेल, खर्च कंपनीच्या खात्यातून होत असेल आणि इंजिन १.६ लिटरपेक्षा मोठे असेल, तर महिन्याला २,४०० रुपये धरले जात. माझ्या चारही वर्षांत हाच आकडा होता. ६८,००० भाडे, पण करासाठी मोजले २,४००. तीस टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून महिन्याला सुमारे २०,००० रुपये कर वाचला. चार वर्षांत साडेनऊ लाखांवर. सगळे कायदेशीर. त्याच नियमात चालक दिला तर आणखी ९०० रुपये धरायचे असत. राबणाऱ्या माणसाच्या महिनाभराच्या कामाची नियमात एवढीच किंमत होती.

आता दुसरा हिशोब मांडू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी तर पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. म्हणजे माझ्या गाडीच्या चार महिन्यांच्या भाड्यापेक्षाही कमी रकमेत अख्ख्या कुटुंबाने वर्ष काढले पाहिजे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत तिची रक्कम ठरली ती वर्षाला ६०,००० रुपये. गाडीच्या एका महिन्याच्या भाड्याहून आठ हजारांनी कमी! आणि तीही वेळेवर मिळावी म्हणून मुलांना समाजकल्याण कार्यालयापुढे घोषणा द्याव्या लागतात. माझ्या साडेनऊ लाखांसाठी मला एकही घोषणा द्यावी लागली नाही. उत्पन्नाचा दाखला नाही, जातपडताळणी नाही, तहसीलच्या फेऱ्या नाहीत. एचआरच्या पोर्टलवर एक फॉर्म भरला, झाले.

मित्रहो, आपल्या मुलांना "फुकटे" म्हणणाऱ्यांपुढे हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. लीज घेणाऱ्याला सरकारचा जावई कोणी म्हणत नाही. खजिन्यातून दिले तर उपकार आणि खजिन्यात येण्याआधीच सोडले तर करनियोजन, अशी ही भाषेची चलाखी आहे.

बाहेरच्या आवाजाचा दुसरा दावा असा की पैसा आला म्हणजे जात गेली. बाबासाहेबांचा अनुभव काय सांगतो? १९०१ च्या सुमारास मसूर स्टेशनवर उतरलेली ती मुले चांगल्या कपड्यांत होती. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची वाटली. जात कळताच तोच मागे सरला. गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार, असे ठरले. १९२९ मध्ये चाळीसगावला तेच. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर आंबेडकर टांग्यात बसले, पण टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला आणि हाकायला नकार दिला. हाकायची सवय नसलेल्या आपल्या माणसाने लगाम धरला. अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. पैसे होते, वाहन होते, शिक्षण होते, तरी जात होतीच.

आज टांगेवाला नकार देत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो लढून मिळाला आहे. पण बंगल्यांच्या सोसायटीत माझ्या गाडीची काच खाली झाल्यावर वॉचमनने विचारले, "साहेब मागून येतायत का?" डॅशबोर्डवर निळे अशोकचक्र लावल्यावर ऑफिसच्या पार्किंगमध्ये जे शांतपणे बघणे सुरू झाले, ते चार वर्षे थांबले नाही. गाडीने पाऊस अडवला, कंबरदुखी कमी केली, आईला दवाखान्यात सुखाने नेले. जात अडवणे तिचे काम नव्हते.

आता घरातल्या आवाजाकडे. आंबेडकरी माणसाने साधेच राहावे, हा आग्रह आपला नव्हे. बाबासाहेबांनी गांधीवादावर लिहिताना यंत्राची आणि आधुनिक सुखसोयींची बाजू घेतली. साधेपणाचे कौतुक, पोट भरलेल्यांना परवडते. ज्यांना पिढ्यान् पिढ्या चांगल्या वस्तूपासून दूर ठेवले, त्यांनी ती वापरली तर त्यात लाज कसली?

मात्र दुसरा प्रश्न मी टाळणार नाही. लीजची गाडी वापरताना मला वारंवार आठवले ते महारवतन. जमीन कसायला होती, पण तिच्यासोबत गावकी आणि सरकारी कामाचे बंधन होते. जमिनीच्या तुकड्याच्या मोहात माणूस गावाला बांधलेला राहिला. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतन जन्माने आणि सक्तीने गळ्यात पडत होते. लीजवर आपण स्वतः सही करतो आणि ती सोडताही येते, म्हणून दोन्ही सारखे म्हणणे अन्यायाचे होईल. पण बांधून ठेवण्याची रीत ओळखीची आहे. नोकरी मध्येच सोडली तर मुदतपूर्व बंद करण्याचा भुर्दंड आपल्यावर. माझ्या ओळखीचा एक मुलगा वरिष्ठाची जातीवरून टोमणे मारण्याची सवय दीड वर्ष सहन करत राहिला, कारण लीज मोडायचे तर काही लाख भरावे लागणार होते. जी सोय तक्रार करण्याची हिंमत गहाण टाकायला लावते, ती वतनच.

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच. गाडी घ्या, पण सही करण्यापूर्वी मुदतपूर्व बंदचे कलम वाचा आणि तेवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवा. उद्या राजीनामा देता आला पाहिजे. दुसरे, धर्मांतरानंतर नागपुरात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले होते. पगार आल्यावर आधी तो भाग बाजूला काढा, मग गाडीचा विचार करा. तो भाग काढून गाडी परवडत असेल, तर कोणाच्याही टोमण्याला भीक घालू नका. परवडत नसेल, तर लहान गाडी घ्या. तिसरे, वाचलेल्या कराचा आकडा लक्षात ठेवा आणि स्वाधारची रक्कम वाढवण्याच्या, ती वेळेवर देण्याच्या आंदोलनात जाऊन तो जाहीरपणे सांगा. सरकारकडे पैसा नाही, या उत्तराचा खोटेपणा लीजची गाडी वापरलेल्या माणसाइतका कोणाला ठाऊक असणार?

जय भीम!