नूडल्सवरून भांडण

आवडतं चायनीज हॉटेल ज्याचं त्याचं वेगळं, आणि त्यावरून वाद घालायला कुणाचीच ना नसते. या अंकाच्या बैठकीतही तेच झालं. कुणी मोठ्या आचेवर परतलेल्या, धुराचा वास लागलेल्या हक्का नूडल्सच्या बाजूनं, तर कुणी पातळ पारीतून आतली कोळंबी दिसणाऱ्या वाफाळत्या डम्पलिंग्जच्या.

मुंबईच्या या आवडीमागे माणसं आहेत. माझगावात चिनी खलाशी आणि कारागिरांची वस्ती होती. १९१९ सालचं सी यप मंदिर तिची खूण म्हणून आजही उभं आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आलं-लसूण-हिरव्या मिरचीला सोया सॉसची जोड दिली आणि चिकन मंच्युरियन जन्माला आलं.

‘हे खरं चायनीज नव्हेच’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं: परक्या शहरात चूल मांडणाऱ्यानं त्या शहराच्या जिभेशी जमवून घेणं, यात खोटं काहीच नाही.

हा अंक अशाच चुलींविषयी आहे. तो वाचा, आणि आपल्या लाडक्या हॉटेलची बाजू घेऊन आमच्याशी खुशाल भांडा.

— संपादक