एका सकाळचा रस्ता

डिसेंबरातील एका रविवारी भल्या पहाटे वसई-विरारच्या रस्त्यांवर जे दृश्य दिसते, ते पाहून कोणाही नागरिकाचे मन प्रसन्न व्हावे. एरवी ज्या रस्त्यावरून रिक्षा, टँकर आणि दुचाक्या यांच्या गर्दीतून पादचाऱ्याला जीव मुठीत धरून वाट काढावी लागते, तोच रस्ता त्या दिवशी चार घटका मोकळा असतो. त्यावरून बँकेतला कारकून धावतो, वाडीतला बागायतदार धावतो, कॉलेजातली मुलगी धावते आणि सत्तरी ओलांडलेले आजोबाही धावतात. कडेला उभे राहून लोक टाळ्या वाजवितात. २०११ साली सुरू झालेली ही मॅरेथॉन कोरोनाच्या साथीतला खंड वगळता दरवर्षी भरत आली आहे, आणि तिच्यातील अर्धमॅरेथॉन हे सामान्य धावकाचे खरे आकर्षण आहे. बेचाळीस किलोमीटर हे व्रतस्थाचे काम. परंतु एकवीस किलोमीटर नोकरीधंदा सांभाळणाऱ्या माणसालाही वर्षभराच्या सरावाने साधता येतात.

ह्या शर्यतीची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पुण्याने १९८३ मध्ये आणि मुंबईने २००४ मध्ये जी परंपरा सुरू केली, ती आमच्या पालघर जिल्ह्यात रुजली याचा आम्हांला अभिमानच वाटतो. इंग्लंडच्या ईशान्येस न्यूकॅसल हे कोळशावर आणि जहाजबांधणीवर वाढलेले शहर. ते उद्योग मावळू लागले असता १९८१ साली तेथे एक अर्धमॅरेथॉन सुरू झाली. पहिल्या वर्षी सुमारे बारा हजार माणसे धावली. आज ती जगातील सर्वांत मोठ्या अर्धमॅरेथॉनांपैकी एक गणली जाते. गिरणीकारखान्यांच्या गावालाही धावण्याने नवी ओळख मिळू शकते, एवढे त्यावरून खास सिद्ध होते.

परंतु उत्सव संपल्यावर प्रश्न उरतो तो सोमवारचा. रविवारी जो धावला, त्याने सोमवारी चालावे कोठून? शर्यतीसाठी नगराने जो रस्ता मोकळा केला, तो नगराने नागरिकाला एका सकाळपुरता उसना दिलेला असतो. दुपार होण्याच्या आत अडथळे उचलले जातात, वाहने परत येतात, आणि ज्याच्या गळ्यात सकाळी पदक घातले त्याच माणसाला संध्याकाळी स्टेशनापासून घरापर्यंत धड पदपथ सापडत नाही. एकवीस किलोमीटर धावू शकणाऱ्याला पाचशे पावले निर्धास्त चालता येऊ नये, ह्या विसंगतीचे आम्हांला हसू येत नाही; खेद होतो. शर्यतीचा सराव वर्षभर करावा लागतो, आणि तो करावयास जागाच नसेल, तर आपण आरोग्याचा उत्सव करीत आहोत की केवळ त्याचा देखावा, याचा विचार केला पाहिजे.

हा विचार करावयास आज आमच्या जिल्ह्यात सर्वांत योग्य स्थळ कोणते असेल, तर ते कोळगाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, आणि त्याचे मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगाव येथे उभे राहिले. २०२१ पासून जिल्ह्याचा कारभार तेथून चालतो. ह्या परिसरातील दुग्धविकास खात्याची सुमारे ४४० हेक्टर जमीन सिडकोच्या हाती आली. तिच्यापैकी काही भागावर कचेऱ्या झाल्या आणि उरलेल्या भागावर नवे नगर वसवावयाचे आहे. जुन्या शहरात पदपथ काढावयाचा म्हटला की दुकान आडवे येते, ओटा आडवा येतो, आणि पुष्कळदा नगरसेवकही आडवा येतो. नव्या नगरात आडवे येण्यासारखे अजून फारसे काही नाही. तेथे पहिली रेघ मोटारीसाठी ओढावयाची की माणसाच्या पायासाठी, एवढाच निर्णय करावयाचा आहे. आज जी रेघ कागदावर फुकट ओढता येते, तीच वीस वर्षांनी ओढावयाची झाली तर बुलडोझर, न्यायालय आणि कोट्यवधी रुपये लागतील.

पालघरहून निघून कोळगाववरून बोईसर गाठावे आणि मागे फिरावे, तर अर्धमॅरेथॉनच्या आसपास अंतर होते. पण ह्या रस्त्यावर पहाटे एकट्यादुकट्या मुलीने धावावे असे कोणता बाप म्हणेल? कारखान्यांचे ट्रक, अंधारी वळणे आणि खचलेल्या बाजूपट्ट्या यांनी ती वाट अडविली आहे. आणि बोईसर जवळ येऊ लागले की आणखी एक प्रश्न छातीशी येऊन भिडतो, तो हवेचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात ९३.६९ गुण मिळवून आमचे तारापूर पहिले आले. ही पहिली जागा आम्ही कोणत्याही शर्यतीत मागितली नव्हती! विश्रांतीत असलेल्या माणसापेक्षा धावणारा दहापट, कधी त्याहूनही अधिक हवा आत घेतो. तेव्हा जेथे हवा दूषित, तेथे आरोग्यासाठी धावणारा माणूस अधिक विष ओढून घेतो. धावण्याचे पुण्य त्याला धुराच्या रूपाने फेडावे लागू नये, ही जबाबदारी कारखानदारांची आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या सरकारची आहे.

ह्या जिल्ह्यात आणखी एक धाव चालते, तिची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. जव्हार-मोखाड्याच्या सीमेपलीकडे, नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत शाळेसाठी आणि पाण्यासाठी डोंगरवाटा तुडवीत वाढली. त्याच मुलीने २००९ मध्ये बर्मिंगहॅम येथील जागतिक अर्धमॅरेथॉन स्पर्धेत १ तास १२ मिनिटे ५० सेकंदांचा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला, पुढल्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले, आणि २०१६ मध्ये ती रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. डोंगराच्या पलीकडे जी गुणवत्ता आहे, ती अलीकडे नसेल असे मानण्यास काहीच आधार नाही. फरक आहे तो पारखणाऱ्या नजरेचा आणि शिकविणाऱ्या गुरूचा. शर्यतीत धावकाला दर काही किलोमीटरवर पाणी हाती आणून दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मोखाड्यात वैशाखात बायाबापड्यांना त्याच पाण्यासाठी किलोमीटर तुडवावे लागतात, आणि टँकरची वाट पाहावी लागते. त्या पायपिटीला पदक नको आहे. ती थांबली पाहिजे. आणि त्या घरांतील मुलांची धाव मात्र जिल्ह्याच्या कामी आली पाहिजे.

म्हणून आमचे मागणे थोडे आणि स्पष्ट आहे. कोळगावच्या आराखड्यात झाडांच्या सावलीचा, दिव्यांनी उजळलेला आणि अंतराच्या खुणा असलेला सलग पादचारी मार्ग आधी आखावा. इमारती मागून याव्यात. तेथे मातीचे एक मोठे मैदान राखावे, त्याला कुंपण असले तरी तिकीट नसावे, आणि सभासमारंभासाठी ते कोणालाही भाड्याने देऊ नये. बोईसरच्या हवेचे रोजचे मोजमाप भर चौकात, सामान्य माणसाला वाचता येईल अशा मराठीत लावावे. आणि जव्हार व डहाणू येथील आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांतून निवडलेल्या मुलामुलींना वर्षभर प्रशिक्षक, पोटभर सकस अन्न आणि पायांत चांगले बूट मिळावेत. कोवळ्या वयात त्यांना एकवीस किलोमीटर पळवू नये. लहान अंतरे धावत धावत त्यांनी योग्य वयात अर्धमॅरेथॉनपर्यंत यावे.

यांतले काहीही अशक्य नाही. एका रविवारसाठी पोलीस, डॉक्टर, पालिका आणि शेकडो स्वयंसेवक पहाटे तीनला उठून कामाला लागतात आणि रस्ता माणसांच्या हाती देतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. करण्याची शक्ती आहे, हे त्यावरून सिद्धच झाले आहे. इच्छा केवळ एका दिवसापुरती पुरते, एवढेच काय ते खरे दुखणे. पुढल्या डिसेंबरात पाहुणे निशाण दाखवावयास येतील, तेव्हा त्यांच्या हाती पुष्पगुच्छ अवश्य द्यावा. पण त्याबरोबर कोळगावचा नकाशाही पुढे ठेवावा, आणि त्यावर माणसाने चालावयाची वाट कोठे आहे, हे त्यांना बोट ठेवून दाखवावयास सांगावे.