पाचशे रुपयांत सुटका?

फोटो डिलीट झाले त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. दोनशे-सव्वादोनशे होते, परत काढता येतील. डोक्यात राहिलंय ते त्या चौकीतलं एक वाक्य: "कशाला वाद घालताय काका, गुन्हा कबूल करा, पाचशे भरा, विषय संपला."

विषय असा संपत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांच्या घरात रेल्वेवेडं पोरगं आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, वय एकोणीस, आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय. लहानपणापासून याच्या वहीत इंजिनांचे नंबर. कुठलं इंजिन, कुठल्या शेडचं, कोणत्या गाडीला लागलं, तारीख, वेळ. आम्हां दोघांचा हा एकच समान आजार, त्यामुळे रविवारी कधीमधी बरोबर जातो. त्या दिवशी घाटापलीकडच्या एका जंक्शनवर गेलो होतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण हे एका स्टेशनचं किंवा एका माणसाचं प्रकरण नाही. पोराला डब्ल्यूएजी-१२ बघायचं होतं. मालगाडीचं बारा हजार हॉर्सपॉवरचं इंजिन, बिहारमध्ये मधेपुऱ्याला बनतं. ते आलं, आम्ही फलाटावरून, पिवळ्या रेघेच्या आतून फोटो काढले. दोघांकडे दहा-दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट, दोन तासांची मुदत शिल्लक.

मागून खांद्यावर हात पडला. "मोबाईल द्या. चला चौकीत."

पुढचे अडीच तास सगळे सांगत बसत नाही. परवानगी आहे का, कुठल्या चॅनलचे, इंजिनाचे नंबर कशाला लिहिता, कुणाला पाठवता. वही बघून तर त्यांची खात्रीच पटली की काहीतरी गडबड आहे. मी विचारलं, मनाईचा नियम कुठे लिहिलाय, दाखवा. उत्तर आलं, "वरून ऑर्डर आहे." ऑर्डर कागदावर आहे का? ते काही सांगता येईना. मग तो प्रस्ताव: रेल्वे कायद्याचं कलम १४७ लावतो, मॅजिस्ट्रेटसमोर कबूल करा, दंड भरा, घरी जा. पोरगं घाबरून सही करायला तयारही झालं होतं. मी त्याचा हात धरला.

हात का धरला ते नीट सांगतो. कलम १४७ म्हणजे रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरणं, किंवा कायदेशीर आत येऊन तिथल्या मालमत्तेचा गैरवापर करणं, किंवा जायला सांगूनही न जाणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि खास कारण नसेल तर दंड पाचशेच्या खाली नाही. तिकीट काढून फलाटावर उभा असलेला माणूस यात कुठे बसतो ते मला अजून कळलेलं नाही. पण तो प्रश्न बाजूला ठेवा. कोर्टासमोर "कबूल आहे" म्हटलं की ती दोषसिद्धी होते. पावती ट्रॅफिकच्या चलानासारखी दिसते, पण ते चलान नसतं.

आणि या पोराला काय व्हायचंय? असिस्टंट लोको पायलट. रेल्वेतच. सरकारी नोकरी लागताना चारित्र्य पडताळणीचा जो फॉर्म भरून घेतात त्यात सरळ विचारलेलं असतं, कधी अटक झाली का, खटला झाला का, कोर्टाने दंड केला का. "हो" लिहिलं तर साहेबांच्या मर्जीवर. लपवलं तर त्याहून वाईट, खोटी माहिती दिली म्हणून नोकरी जाऊ शकते. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय की गुन्हा क्षुल्लक असेल तर नोकरी देणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. करू शकतो. केलंच पाहिजे असं नाही. म्हणजे इंजिनाच्या प्रेमापायी इंजिनाचीच नोकरी जायची वेळ, आणि समोरचा म्हणतोय विषय संपला.

आता आमच्याही चुका सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही सांगालच. आम्ही फोटोवाले काही साधुसंत नाही. चांगल्या अँगलसाठी फलाटाच्या उतारावरून खाली खडीत उतरणारे आहेत, सिग्नलच्या खांबाला टेकून उभे राहणारे आहेत. काही वर्षांपूर्वी मी स्वतः यार्डात रुळांमध्ये उभा होतो आणि एका गँगमनने आईबहिणीवरून शिव्या घालून हाकललं. बरोबर केलं त्याने. त्या दिवशी १४७ लावलं असतं तर मी गुपचूप दंड भरला असता. चालत्या लोकलला लटकून रील काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, त्यांना आत टाका. ड्रोनचंही तेच, परवानगीशिवाय उडवू नयेच.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर, आपण मुंबईच्या रेल्वेवर जगणारी माणसं. ११ जुलै २००६ आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. सीएसटीवरची २६ नोव्हेंबर २००८ ची रात्रही नाही. फलाटावरच्या जवानाने संशय घेऊच नये असं मी म्हणत नाही. येऊन विचारा, तिकीट बघा, ओळखपत्र बघा, नाव लिहून घ्या. काहीच हरकत नाही. पण त्याच रात्रीची दुसरी आठवण काढा. कसाबचा हातात रायफल घेतलेला तो फोटो सगळ्या जगाने पाहिला, तो सीएसटीवरच काढलेला आहे, सेबॅस्टियन डिसूझा या वृत्तपत्र छायाचित्रकाराने. पुढे खटल्यात त्यांची साक्ष झाली. स्टेशनवरचा कॅमेरा नेहमी शत्रूचाच असतो असं नाही.

गुप्ततेचं कारण दिलं जातं तेव्हा मात्र मला हसू येतं. सरकारी गुपितांचा कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला. त्यातसुद्धा रेल्वेची जागा आपोआप निषिद्ध होत नाही, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून तसं जाहीर करावं लागतं. आणि आज कुठली गाडी कुठे आहे, किती लेट आहे, हे रेल्वेचं स्वतःचं ॲपच सांगतं. यार्ड उपग्रहाच्या नकाशावर घरबसल्या दिसतं. घाटातून जाणाऱ्या वंदे भारतचे व्हिडिओ रेल्वेच टाकते, आपण लाईक करतो. मग पोराच्या वहीतल्या पाच आकडी नंबरात गुपित कुठलं? तो नंबर इंजिनाच्या दोन्ही तोंडांवर हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो.

फोन तपासणं आणि फोटो डिलीट करायला लावणं याबद्दल एकच म्हणतो. ते फोटो गुन्ह्याचा पुरावा असतील तर ते पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. आणि पुरावा नसतील तर ती माझी वस्तू आहे. दोन्हीपैकी काहीही धरा, डिलीट करायला लावायचा अधिकार कुठून आला? जप्तच करायचा असेल तर पंचनामा करा, मला पावती द्या.

छंद म्हणून सोडून द्या असंही काहीजण म्हणतात. देतील सोडून. पण बार्शी लाईटची ती छोटी गाडी आज कुठे बघायची? ब्रॉडगेज झालं, चांगलंच झालं, पण तिचे जे फोटो उरलेत त्यातले कितीतरी अशाच वेड्या माणसांनी काढलेले आहेत. आपल्या हार्बर लाईनवरची डीसी विजेवरची लोकल एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली. मुद्दाम जागरण करून ती बघायला जाणारे आणि फोटो काढणारे कोण होते? हेच लोक.

ब्रिटनमध्ये नेटवर्क रेलने छंदिष्टांसाठी नियम लिहूनच ठेवलेत. स्टेशनवर आलात की कर्मचाऱ्यांना सांगा, पिवळ्या रेघेच्या मागे राहा, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. बस. आपल्याकडे तिकीट खिडकीशेजारी एक पाटी लावायला किती खर्च येतो? मनाई असेल तर "मनाई आहे, अमुक नियमाने" असं मराठीत लिहा, आम्ही कॅमेरा पिशवीतून काढणार नाही. मुभा असेल तर कुठपर्यंत ते लिहा. ती पाटी त्या जवानालाही हवीच आहे. बारा-बारा तास ड्यूटी करणाऱ्या माणसाला तोंडी ऑर्डरवर उभं केलं की तो तरी काय करणार? उद्या काही झालं तर जाब त्यालाच विचारणार.

आम्ही सही केली नाही. शेवटी फोटो पुसायला लावले, पुन्हा असं करणार नाही म्हणून साध्या कागदावर लिहून घेतलं आणि सोडलं. त्या कागदाची प्रत मागितली, मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी पोराची आई घरी आली. "दादा, राग मानू नका, पण आता त्याला नका नेऊ बरोबर." काय बोलणार? म्हटलं, नाही नेत. त्याची वही सध्या माझ्याकडे आहे, घरी नको म्हणून देऊन गेला.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. फी दहा रुपये, प्लॅटफॉर्म तिकिटाएवढीच. तीन प्रश्न विचारलेत: तिकीटधारकाने फलाटावरून हौसेखातर फोटो काढायला मनाई आहे का, असेल तर कोणत्या आदेशाने, आणि फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकेन, माझ्या विरोधात असलं तरी. तुमच्यापैकी कुणी असा पाचशे रुपयांचा दंड "कबूल" करून भरला असेल तर पावती शोधून ठेवा आणि कोणतं कलम लिहिलंय ते मला कळवा.