विश्लेषण : कडू चव ओळखणारे रिसेप्टर नाकात काय करतात?

कडू चव ओळखणारे ‘टी२आर३८’ हे रिसेप्टर केवळ जिभेवर नसतात; नाकाच्या आतल्या अस्तरात आणि न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींतही ते आढळतात. तिथे चव लागत नाही, मग त्यांचे काम काय? स्यूडोमोनस जिवाणू एकमेकांना रासायनिक संदेश पाठवतात. नाकातले रिसेप्टर तो हेरतात आणि पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हा वायू जिवाणू मारतो, शिवाय अस्तरावरील सूक्ष्म केसांची हालचाल वाढवून शेंबूड पुढे ढकलतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी हे २०१२ मध्ये दाखवले. मात्र या रिसेप्टरचे जनुक सर्वांत सारखे नसते. ज्यांचा रिसेप्टर मंद, त्यांच्या सायनसमध्ये अशा जिवाणूंचा संसर्ग अधिक आढळला. म्हणजे कारले खाल्ल्याने सर्दी पळते, असे मात्र नव्हे.